सर्कशीच्या पेट्या टेम्पोत चढवण्याआधी

मा. अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या फलकावर लागलेली नोटीस मी दोनदा वाचली. 'वरच्या मजल्यावरील जुने, अनुपयुक्त व दुर्गंधीयुक्त साहित्य निर्लेखित करून सदर जागेत स्पर्धा परीक्षा अभ्यासिका सुरू करण्याचे ठरले आहे.' निर्लेखित करणं म्हणजे नोंदवहीतून कमी करून काढून टाकणं. खाली आणखी एक ओळ होती. निवडक पोस्टर चौकटीत घालून प्रवेशदालनात लावली जातील आणि उरलेलं साहित्य इच्छुक खरेदीदारास एकरकमी दिलं जाईल.

संपूर्ण नोटिशीत 'सर्कस' हा शब्द एकदाही आलेला नाही. येणाऱ्याजाणाऱ्या सभासदाला वाटेल की फाटक्या कादंबऱ्या आणि जुने दिवाळी अंक रद्दीत चाललेत. प्रत्यक्षात तीन कपाटं आणि अकरा ट्रंका भरून असलेला सर्कशीचा संग्रह चालला आहे. मी या वाचनालयात सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं या ट्रंकांपाशी काढली. याबद्दल मी तुम्हाला दोन पत्रं दिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्था सभासदांची आहे, तेव्हा त्यांनाही कळू दे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अभ्यासिकेला माझा विरोध नाही. माझी भाची आपल्याच खालच्या हॉलमध्ये पहाटे साडेपाचला जागा धरून बसायची आणि आज ती तलाठी आहे. त्या मुलांना पंखा, दिवा आणि शांत जागा मिळालीच पाहिजे. पण अभ्यासिका हवी असेल तर सर्कस गेली पाहिजे, असा प्रश्न तुम्ही मांडलात. तो तसा नाही, हे पुढे सांगते.

हा संग्रह आपल्या दारात कसा आला, हे आजच्या मंडळातल्या बहुतेकांना माहीत नसावं. सर्कशीचा कारभार पाहणाऱ्या एका घराण्याचा वाडा पाडायला निघाला, तेव्हा माळ्यावरच्या पेट्या त्यांनी बैलगाडीतून इथे पाठवल्या. सोबत एक पत्र होतं, ते आवक फाइलीत आजही आहे. 'संग्रह एकत्र ठेवावा, विकू नये, मागेल त्यास पाहू द्यावा,' एवढ्याच तीन अटी त्यात आहेत. तेव्हाच्या मंडळाने त्या मान्य करून ठराव केला. तो ठराव आजही रद्द झालेला नाही.

आपला भाग सर्कशीचा आहे, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे मूळचे चाबूकस्वार, घोडे फिरवणारे. मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहून त्यांनी १८८० च्या सुमारास 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पाठोपाठ कार्लेकर, म्हैसाळचे देवल आणि तासगावचे माळी यांच्याही सर्कशी निघाल्या. गाणं शिकायला छत्रे ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे राहिले होते. पुढे खाँसाहेबांचे चिरंजीव, भूगंधर्व रहिमत खाँ, यांना त्यांनी आपल्यापाशी ठेवून घेतलं आणि तो थोर गवई सर्कशीच्या मुक्कामांबरोबर फिरला. छत्र्यांची सर्कस केरळात थलश्शेरीला गेली तेव्हा तिथल्या कीलेरी कुन्हीकण्णन या कसरतीच्या गुरूंशी त्यांची गाठ पडली. कुन्हीकण्णन यांनी १९०१ मध्ये थलश्शेरीजवळ चिरक्करा इथे सर्कस शिकवणारी शाळा काढली. पुढची कित्येक दशकं देशभरच्या तंबूंत झोक्यावर चढणारी माणसं त्या मुलखातून येत राहिली. एवढं सगळं आपल्या कृष्णाकाठाहून सुरू झालं. मात्र त्याचा कागद मागितला, तर दाखवण्यासारखं फार थोडं उरलंय, आणि त्या थोड्यातलं थोडं आपल्या वरच्या मजल्यावर आहे.

आता त्या ट्रंकांत काय आहे ते सांगते. कारण नोटीस काढण्याआधी मंडळातल्या कुणीही त्या उघडून पाहिल्या नाहीत.

तिसऱ्या ट्रंकेत लाल कापडी बांधणीच्या मुक्कामवह्या आहेत. जुन्या वह्या मोडीत, नंतरच्या देवनागरीत. प्रत्येक मुक्कामाला एक पान. गाव, तारीख, मैदान कुणाकडून घेतलं, पाऊस होता का, गल्ला किती, घोड्यांची चंदी किती, वाघसिंहांना मांस किती, आणि पुढच्या गावाला जायला रेल्वेचं भाडं किती. यादी करायला बसले तेव्हा एका पानावर 'वाघिणी ६' असं वाचलं आणि मी जनावरांच्या सदरात सहा वाघिणी मांडून मोकळी झाले. पुढच्या दहा पानांवर तोच आकडा कधी पाच, कधी आठ झाला. मग ध्यानात आलं की ह्या रेल्वेच्या वाघिणी, मालाचे डबे. ती चूक सुधारताना सगळी वही पुन्हा वाचावी लागली, तेव्हाच कळलं की कुठल्या वर्षी सर्कस वाढत होती आणि कुठल्या वर्षी डबे कमी करत करत आटत गेली. हे सांगते अशासाठी, की हा संग्रह वाचता यायला माणूस आणि वेळ दोन्ही लागतं. एकरकमी घेणारा खरेदीदार ते वाचणार नाही. तो रंगीत पोस्टर काढून घेईल आणि वह्या वजनावर देईल.

सातव्या ट्रंकेत पगारपत्रकं आहेत. तंबू उभारणारे खलाशी, माहूत, बँडवाले, स्वयंपाकी, जोकर, झोक्यावरच्या मुली. त्यात एका मुलीचं नाव चार हंगाम येतं. पहिल्या वर्षी नावापुढे पगाराचा आकडा नाही, 'जेवण-कपडा' असं लिहिलंय आणि शेजारी अंगठा. तो इतका लहान आहे की शाईचा ठिपका पडलाय असंच मला आधी वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी अंगठा मोठा, तिसऱ्या वर्षी आणखी मोठा. चौथ्या वर्षी अंगठ्याच्या जागी सही आहे, प्रत्येक अक्षर सुटं, रेघ देऊन काढलेलं. तंबूत कुणीतरी तिला लिहायला शिकवलं होतं. पाचव्या वर्षी तिचं नाव नाही.

या मुलीची नोंद दुसरीकडे कुठे असणार? सर्कशीतला माणूस कुठल्याच गावचा नसतो. शाळेच्या दाखल्यात, सातबारावर, मतदार यादीत ही माणसं सापडत नाहीत, कारण नोंद घेणारा यायच्या आधी तंबू उठलेला असायचा. त्यांचा पत्ता म्हणजे हे कागद. म्हणूनच तुमच्या नोटिशीतल्या 'अनुपयुक्त' या शब्दाचं मला फार वाईट वाटलं. काही वर्षांपूर्वी थलश्शेरीहून एक शिक्षक आजीचा फोटो घेऊन आले होते. तीन दिवस आम्ही दोघं पत्रकं चाळत होतो. नाव सापडलं तेव्हा त्यांनी मला ते अक्षर बोटाने दाखवायला सांगितलं, कारण त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. आपल्या आजीचं नाव ते किती तरी वेळ तसेच बघत राहिले. हा उपयोग नसेल तर ग्रंथालयाचा उपयोग काय असतो?

आता तक्रारी.

पहिली तक्रार जागेची. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी तळमजल्यात शिरलं. तेव्हा हा संग्रह खाली होता. शिपाईमामा, मी आणि कॉलेजची चार मुलं, आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून ट्रंका वर नेल्या. दोन ट्रंकांत पाणी गेलंच. भिजलेला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो आणि सगळा एका वेळी वाळवणं शक्य नव्हतं. म्हणून चौकातल्या आइस्क्रीमवाल्या दादांनी आपला डीप फ्रीजर रिकामा करून दिला. गोठवलेल्या कागदाला बुरशी लागत नाही. मग रोज थोडे थोडे काढून टीपकागदात घालून पंख्याखाली वाळवले. काचेच्या निगेटिव्ह तेवढ्या फ्रीजरमध्ये घालता येत नाहीत, त्या घरी नेऊन एकेक उभी करून वाळवली. हे सगळं झाल्यावर तुम्ही संग्रह सर्वांत वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली नेऊन ठेवलात. पुरापासून वाचला हे खरं. पण मे महिन्यात त्या कपाटाच्या मुठीला हात लावून बघा.

दुर्गंधीचंही तेच. तो वास घाणीचा नाही. जुन्या फिल्मच्या निगेटिव्ह उष्णतेने कुजायला लागल्या की त्यातून आम्ल सुटतं, त्याचा वास येतो. आणि १९५० पूर्वीच्या निगेटिव्ह पुष्कळदा नायट्रेट फिल्मच्या असतात. ती झपाट्याने पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्याने विझत नाही. अशी फिल्म पत्र्याखाली लोखंडी कपाटात ठेवू नका, वेगळी काढा, तज्ज्ञाला दाखवा, हे मी नोकरीत असताना तीन वेळा लेखी दिलं आहे. आता त्याच मजल्यावर पन्नास मुलं अभ्यासाला बसवायची म्हणता! दुर्गंधी हे निर्लेखनाचं कारण तुम्हाला दिसलं, धोक्याची खूण दिसली नाही.

दुसरी तक्रार वर्धापनदिनाच्या प्रदर्शनाची, आणि ती लिहिताना अजून त्रास होतो. पाचव्या ट्रंकेत झोक्यावरच्या मुलीची एक चोळी होती. फिक्या गुलाबी रेशमावर चंदेरी टिकल्यांची वेल. काखेत घामाचा पिवळा डाग आणि डाव्या खांद्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घातलेले टाके. झोका धरताना कुठला हात वर जायचा, ते त्या टाक्यांवरून समजत होतं. मी दोन दिवस रजेवर असताना ती 'स्वच्छ करण्यासाठी' धुवायला दिली गेली. त्या काळच्या टिकल्या सरसाच्या जातीच्या, जिलेटिनच्या असायच्या. कोमट पाण्यात त्या विरघळतात. परत आला तो नुसता कापडाचा बोळा आणि त्यावर रिकामे टाके. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण मला एक फोन केला असता तर ती चोळी आज असती.

त्याच प्रदर्शनासाठी नऊ पोस्टर लॅमिनेट केली. पोस्टर म्हणजे भिंतीला खळीने डकवून पावसात जायचा कागद. जे उरलं ते कधी डकवलंच गेलं नाही म्हणून उरलं. इतक्या दुर्मीळ कागदावर तापलेलं प्लास्टिक चिकटवलं की ते पुन्हा सोडवता येत नाही. आत कागद पिवळा पडत जातो आणि आपल्याला नुसतं बघत बसावं लागतं. आणखी सहा पोस्टरना मागून चिकटपट्टी लावलेली आहे. आता चौकटीत घालून दालनात लावायची म्हणता, तर ते दालन पश्चिमेला आहे आणि दुपारचं ऊन थेट भिंतीवर येतं. शाईचा लाल रंग दोन उन्हाळे टिकणार नाही. प्रतिकृती लावा, मी स्वतः निवडून देते.

तिसरी तक्रार 'सगळं स्कॅन झालंय, आता मूळ कशाला' या उत्तराची. मी ते स्कॅन पाहिले आहेत. मोबाइलने काढलेले, फक्त पुढच्या बाजूचे, नावाऐवजी आकडे असलेले, आणि सगळे एका पेनड्राइव्हवर. एका पोस्टरच्या मागे, ते चिकटवणाऱ्याने कोळशाने हिशेब मांडलाय, कुठल्या पेठेत किती लावली आणि किती फाडली गेली. स्कॅनमध्ये हे नाही. पगारपत्रकांचा तर एकही फोटो नाही, कारण ती 'आकर्षक' नव्हती.

चौथी गोष्ट कायद्याची, थोडक्यात लिहिते. ऐतिहासिक महत्त्वाचे पंच्याहत्तर वर्षांहून जुने दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि परवानगीवाचून ते देशाबाहेर जाऊ शकत नाहीत. नवव्या ट्रंकेत वाघाचं कातडं आणि नखं आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती विकणं हा गुन्हा आहे. त्यांचा स्वामित्वाचा दाखला आहे की नाही, ते वनखात्याला विचारून घ्या. शिवाय जुन्या कातड्यांना पुष्कळदा सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, लावलेला असतो, तेव्हा हातमोज्याशिवाय कुणालाही ती ट्रंक उघडू देऊ नका. टेम्पोत चढवणाऱ्या हमालाला हे कुणी सांगितलं असतं का?

मंडळातल्या एका सन्माननीय सदस्यांनी मला भेटीत विचारलं की, जनावरांचे हाल आणि लहान मुलांची राबणूक, हे कशाला जपायचं? प्रश्न मनापासून विचारलेला होता, म्हणून उत्तरही मनापासून देते. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांना खेळात वापरायला १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्याला मनाई केली. दोन्ही निर्णय मला मान्य आहेत, दोन्ही आधीच व्हायला हवे होते. पण चाबूक, पिंजऱ्याची मापं, 'जेवण-कपडा' लिहिलेली ओळ, हे सगळं नाहीसं केलं तर त्या मुलीवर काय गुदरलं हे उद्या कुणाला कशावरून कळेल? उरतील ती फक्त रंगीत पोस्टर, ज्यात सगळे हसताहेत. दालनात लावायला तुम्ही तीच निवडली आहेत.

पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे १९४० मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत बिबटे आणि इतर हिंस्र श्वापदांचे खेळ करून नावाजले. त्या सर्कशीच्या छापील कार्यक्रमपत्रिकांत त्यांचं नाव आहे आणि असे कागद तिकडे जपले जातात. इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीच्या मिल्नर ग्रंथालयात सर्कशीचा स्वतंत्र विभाग आहे. विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावी रिंगलिंग बंधूंच्या जुन्या हिवाळी तळावर संग्रहालय आणि अभिलेखागार आहे. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठाने जत्रा आणि सर्कशींचं अभिलेखागारच चालवलं आहे. अमेरिकेतल्या सर्कशी हंगामाच्या शेवटी गावं, तारखा, हवामान, गल्ला यांचं एक पुस्तक छापायच्या. मिल्नर, बाराबू आणि फ्लोरिडातल्या सारासोटाचं रिंगलिंग म्युझियम यांनी मिळून अशी शेकडो पुस्तकं कुणालाही घरबसल्या वाचता येतील अशी खुली केली. मी ती रात्र रात्र वाचली आहेत. वाचताना सारखं वाटायचं, हे तर आपल्या मुक्कामवहीसारखंच आहे, फक्त आपली हातानं लिहिलेली आणि म्हणून जगात एकच. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे मला माहीत आहे. पण पत्र्याखालून ट्रंक काढायला पैसा लागत नाही.

माझ्या मागण्या अशा. नोटीस मागे घ्या आणि विक्रीची बोलणी थांबवा. वार्षिक सर्वसाधारण सभा होईपर्यंत एकही कागद इमारतीबाहेर जाऊ नये. फिल्मच्या निगेटिव्ह या आठवड्यातच त्या मजल्यावरून हलवा आणि जाणकाराला बोलवा, यात एक दिवसही दवडू नका. बाकी संग्रह पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत न्या. ती खोली उत्तरेची आहे, २०१९ च्या पाण्याची खूण तिच्या बरीच खाली आहे, आणि आज तिथे मोडक्या खुर्च्या आणि जुने निवडणूक फलक पडले आहेत. ते काढलेत तर ट्रंका मावतात. मी टेपने मोजून बघितलंय. वरचा मजला मोकळा झाला की पत्र्याखाली छत घालून अभ्यासिका खुशाल करा, त्याखेरीज मुलांना तिथे बसताच येणार नाही.

त्यानंतर संग्रहाची दाखलनोंद पूर्ण करा. मी अकरापैकी सात ट्रंकांची यादी केलेली आहे, ती कार्यालयातल्या हिरव्या पाठीच्या तीन वह्यांत आहे. पुढे धुणं, चिकटवणं, लॅमिनेशन, उसनं देणं यांतलं काहीही लेखी परवानगीशिवाय होऊ नये, असा साधा नियम करा आणि तो कपाटाच्या दारावर लावा. देणगीदार घराण्याच्या आजच्या पिढीला पत्र पाठवून झालं ते सगळं कळवा. चोळीचंही कळवा.

उरलेल्या चार ट्रंकांची यादी करायला मी आठवड्यातून तीन दिवस यायला तयार आहे. मानधन नको. मोडी वाचणारं एखादं तरुण माणूस माझ्या हाताखाली द्या, म्हणजे माझ्यानंतर काम अडणार नाही. आणि ती पगारपत्रकं मला एकदा बाहेर काढून ठेवू द्या. पाचव्या वर्षीच्या पत्रकात त्या मुलीचं नाव नाही हे मी लिहिलं खरं, पण दहावी ट्रंक अजून उघडलेली नाही आणि तिच्यावर खडूने दुसऱ्या एका सर्कशीचं नाव आहे. ती तिकडे गेली असेल, तर तिथे सापडेल.

आपली,
वाचनालयाची आजीव सभासद आणि माजी साहाय्यक ग्रंथपाल